गोष्ट कळली, मग तात्पर्य का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत सकाळी परिपाठाला उभं राहा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बोधकथा. एक लेकरू पुढं येतं, कागदात बघत दीड मिनिटात गोष्ट संपवतं, दम न घेता 'तात्पर्य, गर्वाचं घर खाली' म्हणतं आणि रांगेत परत जातं. टाळ्या. खालचे प्रश्न या टाळ्यांनंतर पडणारे आहेत. पहिली ते आठवीच्या लेकरांना गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकांसाठी आणि घरच्यांसाठी ही उत्तरं.

तात्पर्य तोंडपाठ असतं, पण 'म्हणजे काय रे?' विचारलं की पोरगं गप्प. असं का होतं?

कारण तात्पर्याची भाषा घरात कोणी बोलत नाही. 'अविचाराने केलेली कृती पश्चात्तापास कारणीभूत ठरते' हे वाक्य लेकरानं फक्त छापलेलं पाहिलेलं असतं. गोष्टीतलं मुंगूस त्याला दिसतं, त्याच्या तोंडाला लागलेलं सापाचं रक्त दिसतं, त्याच्यावर आदळलेली घागर दिसते. 'अविचार' मात्र कुठंच दिसत नाही. गोष्ट एकीकडं राहते, वाक्य एकीकडं, आणि मधला सांधा कोणी जोडून देत नाही.

हा सांधा जोडायची रीत मराठीत सातशे वर्षांहून जुनी आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि मांडणी तीन पायऱ्यांची आहे. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय खऱ्या जगण्यात कशाच्या जागी आहे याचा उलगडा. आपल्या वर्गात गोष्ट होते, वचनही होतं. गळते ती तिसरी पायरी, आणि पुढची बहुतेक उत्तरं तिच्याबद्दलच आहेत.

एका तासिकेत नेमकं काय करायचं?

पस्तीस-चाळीस मिनिटं आहेत असं धरू आणि 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट घेऊ.

गोष्ट सांगायला सात-आठ मिनिटं. पुस्तक मिटून, तोंडी सांगा. तिसऱ्यांदा लांडगा खरंच येतो, पोरगं जीव तोडून ओरडतं, तिथंच थांबा. 'आता रानात काम करणारी माणसं काय म्हणत असतील?' चार-पाच जणांना बोलू द्या, मग शेवट सांगा.

पुढं तीन प्रश्न, याच क्रमानं. त्या पोराला काय हवं होतं? त्यानं काय केलं? मग काय झालं आणि कशामुळं? पहिल्या प्रश्नाला 'मेंढ्या वाचवायच्या होत्या' असं उत्तर आलं तर गोष्ट कळलेलीच नाही, परत सांगा. त्याला गंमत हवी होती. तिसऱ्या प्रश्नावर दहा मिनिटं गेली तरी चालतील. मुलं म्हणतात, 'लांडगा आला म्हणून मेंढ्या गेल्या.' खरं आहे, पण लांडगा कोणाच्याही कळपावर येतो. मेंढ्या गेल्या त्या माणसं आली नाहीत म्हणून, आणि माणसं आली नाहीत ती आधी दोनदा फसली म्हणून. ही साखळी फळ्यावर बाण काढून लिहा.

आता फळ्यावरचा 'लांडगा' पुसा आणि तिथं 'टँकर' लिहा. एप्रिल-मे महिन्यात टँकरवर असलेल्या गावात पुढचं सांगावंसुद्धा लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी एक पोरगं ओरडतं, 'टँकर आला रे!' बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून घागरी घेऊन पळतात. रस्ता रिकामा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी टँकर खरंच येतो, पोरगं ओरडतं, कोणी उंबऱ्याबाहेर येत नाही. वरच्या गल्लीतले लोक पाणी भरून मोकळे होतात. मग विचारा, 'नुकसान कोणाचं झालं?' कोणीतरी म्हणतंच, 'सगळ्या गल्लीचं, त्याच्या आईचंसुद्धा.' हे उत्तर वर्गातून येऊ द्या, घाई करू नका.

शेवटची दहा-बारा मिनिटं लेकरांच्या उदाहरणांची. पहिली दोन-तीन उदाहरणं नक्कल असतील: 'लाईट आली', 'सर आले'. नक्कल म्हणजे साचा हाती आल्याची खूण, टोकू नका. त्यानंतर एखादी पोर म्हणेल, 'शाळा बुडवायला सारखं पोट दुखतंय म्हटलं, आणि खरंच दुखायला लागलं तर आई ऐकत नाही.' हे तिचं स्वतःचं. यानंतर वहीत एकच ओळ, आपल्या बोलीत. 'सारखं खोटं बोललं की खरं पण कोणी ऐकत नाही' असं लिहिलं असेल तर 'पण'च्या जागी 'सुद्धा' करायला जाऊ नका.

चांगलं उदाहरण कसं ओळखायचं? आमची उदाहरणं कधी लागू पडतात, कधी नाही.

प्रत्येक गोष्टीत एक कळ असते. ती फिरली म्हणून शेवट तसा झाला. उदाहरणातही तीच कळ फिरली पाहिजे. प्राणी, जागा, माणसं जुळली नाहीत तरी चालतं.

ससा-कासवाची गोष्ट घ्या. तात्पर्य म्हणून 'सावकाश चालणारा जिंकतो' असं सर्रास सांगितलं जातं आणि लेकरं बरोबर शंका काढतात, कारण हळू धावणारा शर्यत हरतो हे त्यांनी शंभर वेळा पाहिलेलं असतं. गोष्टीची कळ कासवाच्या सावकाशपणात नाही, सशाच्या झोपेत आहे. म्हणून 'हळूहळू अक्षर काढलं की चांगलं येतं' हे उदाहरण इथं बसत नाही. ते खरं असलं तरी वेगळ्या गोष्टीचं आहे. बसतं ते कापूस वेचणीचं. मजुरी किलोवर असते. एकीचा हात चपळ. सकाळच्या दोन तासांत सगळ्यांच्या पुढं जाते आणि मग 'बघू सावकाश' म्हणून बांधावरच्या लिंबाखाली गप्पा मारत बसते. दुसरीचा हात मंद, पण ती पाठ सोडत नाही. संध्याकाळी गाठोडी काट्याला लागतात तेव्हा दोघींचे आकडे सगळ्यांसमोर बोलतात.

दुसरं उदाहरण पैठणचं. एकनाथ महाराजांची आख्यायिका सगळ्यांना माहीत असते: काशीहून कावडीनं आणलेलं, रामेश्वराला वाहायचं गंगेचं पाणी त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. उदाहरण म्हणून बहुतेक जण 'उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी गच्चीवर पाणी ठेवा' म्हणतात. उपक्रम चांगला आहे, उदाहरण अर्धं आहे. गच्चीवरचं पाणी आपल्याला नको असलेलं, उरलेलं असतं. नाथांनी दिलेलं पाणी शेकडो कोस वाहून आणलेलं आणि दुसऱ्याच कामासाठी जपलेलं होतं. कळ तिथं आहे. मग जुळतं काय? शाळेची वाट तीन किलोमीटर, पिशवीत एकच बाटली, दुपारच्या सुट्टीपर्यंत पुरवायची आहे, आणि वाटेत बांधलेलं शेरडू जीभ काढून उभं आहे. आता पाणी द्यायचं की नाही, हा प्रश्न लेकराला खरोखर पडतो. पडला पाहिजे.

वर्गात हातानं करून दाखवता येतील अशा गोष्टी आहेत का?

दोन गोष्टी फार सोप्या आहेत, आणि दोन्ही वर्गात हमखास फसतात.

म्हातारा, त्याची भांडकुदळ मुलं आणि काठ्यांची मोळी. काठ्या विकत आणायची गरज नाही, तुरी काढल्या की घरोघर तुराट्या पडलेल्या असतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, हातभर लांब, दहा-बारा घ्या. फांद्यांचे खुंट घासून काढा, नाहीतर तळहाताला टोचतात. तुराटी कडकडीत वाळलेली हवी. हिरवट असली तर मोडत नाही, नुसती वाकते, आणि एक काठी मोडून दाखवण्यातच गंमत संपते. मोळी सुतळीनं तीन ठिकाणी आवळून बांधा. सैल राहिली तर दांडगं पोरगं एकेक काठी सरकवून मोडतं आणि 'एकी' हरते. तसं झालंच तर दडपू नका. 'मोळी का मोडली?' असं विचारा. 'सुतळी ढिली होती' हे उत्तर छापलेल्या तात्पर्यापेक्षा पुढचं आहे: नुसतं एकत्र असून भागत नाही, बांधलेलं असावं लागतं. बचत गट, कबड्डीचा संघ, घरातली भावंडं, तिन्ही उदाहरणं मग याच धाग्यानं तपासता येतात.

दुसरी, तहानलेला कावळा. एक लिटरची प्लास्टिकची बाटली मानेखाली कापा. तिच्यात निम्म्यापर्यंत पाणी आणि बोराएवढे खडे, साधारण एक किलो. खडे टाकत गेलं की पाणी काठाला येतं. फसतं ते पाणी कमी घेतल्यामुळं. चित्रात मडक्याच्या तळाशी थोडंसंच पाणी असतं, म्हणून शिक्षक पाव बाटली घेतात. खड्यांच्या मध्ये साधारण दोन पंचमांश जागा रिकामी राहते, थोडं पाणी त्या फटींतच मुरतं, बाटली खड्यांनी भरते आणि पाणी काठापर्यंत येतच नाही. वर्ग हसतो. हे मुद्दाम दोन बाटल्यांत करा, एक पाव भरलेली, एक अर्धी. युक्ती कधी चालते आणि कधी नाही, हे डोळ्यांसमोर होतं. (कावळा खरंच असं करतो का, हे विचारणारं लेकरू असतंच. कावळ्याच्या कुळातल्या रूक नावाच्या पक्ष्यांवर २००९ मध्ये इंग्लंडमध्ये असेच प्रयोग झाले. नळकांड्यात दगड टाकून त्यांनी पाणी वर आणलं आणि तरंगती अळी खाल्ली.) रोजचं उदाहरण गावातलंच: हापशाच्या दांड्याला हात पोहोचत नाही म्हणून शेजारचा दगड लोटत आणून त्यावर उभं राहणारं लेकरू.

इथल्या उदाहरणांची तयार यादी द्याल का?

यादी द्यायला मन घेत नाही, कारण तयार उदाहरण पाठ झालं की त्याचंही तात्पर्यच होतं. तरी सुरुवातीला हाताशी असावीत म्हणून ही थोडी.

सोन्याचं अंडं देणारी कोंबडी: कपाशीची बोंडं उमलायची वाट न बघता एकदाच सगळी ओरबाडली, तर हाती कवडी, म्हणजे नीट न उमललेला हलका कापूस, लागते, भाव पडतो आणि पुढची वेचणीही जाते. वासराला घोट न ठेवता गाय पूर्ण पिळली, हेही चालेल.

सिंह आणि उंदीर: वाकळ शिवणारी आजी. 'तू काय मला मदत करणार' म्हणून नातवाला हाकलते, आणि दोऱ्यानं सुईत जायचं नाकारलं की त्यालाच हाक मारते.

बोकड खांद्यावर घेतलेला ब्राह्मण आणि तीन ठग: मोबाइलवर तीन ग्रुपांत एकच निरोप आला, 'उद्या शाळेला सुट्टी'. तिघांनी सांगितलं म्हणून खरं मानलं. तिघांनी एकाच जागेवरून उचललं होतं. सहावीच्या पुढच्या लेकरांना हे फार आवडतं.

कोल्हा आणि द्राक्षं: कबड्डीच्या संघात निवड झाली नाही, मग 'तो संघच भंगार आहे'. इथं जत्रेतल्या पाळण्याचं उदाहरण सुचतं, 'पैसे नव्हते म्हणून पाळण्यात काही मजा नाही म्हणाला', पण ते वर्गात नकोच. ज्याच्याकडं खरंच पैसे नव्हते तो खाली मान घालून बसतो. आणि 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण या गोष्टीला जोडू नका. कोल्हा न मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवतो, नाचणारी आपल्या न जमण्याचं खापर अंगणावर फोडते. सातवी-आठवीला हा फरक शोधायला दिला तर अख्खी तासिका रंगते.

प्राण्यांच्या गोष्टी चांगल्या की माणसांच्या?

प्राण्यांच्या गोष्टी ऐकायला गोड, पण वागण्यात उतरायला अवघड. टोरांटोत ४ ते ६ वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट काहींना माणसांची म्हणून वाचून दाखवली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची म्हणून. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर स्वतःकडचं जास्त वाटलं. प्राण्यांची ऐकलेल्यांचं वाटणं वाढलं नाही. म्हणून कोल्हे-लांडगे सोडायचे असं नाही. प्राण्यांची गोष्ट सांगून तिथंच थांबायचं नाही, पाठोपाठ माणसाचं उदाहरण आलंच पाहिजे, इतकंच. पहिली-दुसरीला तर ते त्याच दिवशी, त्याच तासिकेत.

खोटं बोललं की शिक्षा होते, अशा गोष्टींनी मुलं खरं बोलायला लागतात का?

नुसत्या धाकानं फारसा फरक पडत नाही. २०१४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात 'लांडगा आला' आणि नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्ट ऐकूनही मुलं पूर्वीइतकंच खोटं बोलली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या तोडलेल्या चेरीच्या झाडाची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. तिच्यात मुलगा कबूल करतो आणि वडील त्याचं कौतुक करतात. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तेव्हा तिचाही परिणाम गेला.

मग 'लांडगा आला' सांगायचीच नाही? सांगा, पण जोडीला कबुलीची एक गोष्ट ठेवा. किराणा दुकानात पन्नासची नोट दिली, दुकानदारानं चुकून शंभरचे सुटे परत दिले, लेकरू अर्ध्या वाटेतून फिरून आलं. दुकानदार काय म्हणाला, हेही उदाहरणात असू द्या. मात्र लाकूडतोड्याला जशी सोन्याची कुऱ्हाड मिळते तसं मोठं बक्षीस लावू नका. रोजच्या व्यवहारात प्रामाणिकपणाला सोनं मिळत नाही हे पाचवीतलं पोरगं ओळखून असतं, आणि तुमच्या उदाहरणाला मनात हसतं.

हेतू चांगला असला तरी नुकसान जास्त म्हणजे चूक मोठी, असंच लहान मुलं धरून बसतात. कसं समजवायचं?

समजवायची घाई नको, ते वयाचं आहे. स्वीस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ च्या पुस्तकात हेच मांडलं आहे. दार उघडताना पंधरा कप नकळत फोडणारा मुलगा आणि चोरून गोड खाताना एकच कप फोडणारा मुलगा. लहान मुलं पंधरावाल्याला जास्त वाईट ठरवतात, मोठी होत गेली की हेतू बघायला लागतात. वर्गात पेला, डबा, पाटी काहीही चालेल. पहिली-दुसरीला दोन्ही प्रसंग करून दाखवा आणि 'त्यानं मुद्दाम केलं का?' एवढंच विचारा. तिसरीपासून 'तू त्याची आई असतीस तर कोणाला रागावली असतीस?' असं विचारा. निकाल देऊ नका.

मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीवर एक मुलगी म्हणाली, 'आमचे आई-बाप दिवसभर राबतात, तरी पावसाळ्याला काही शिल्लक राहत नाही.' काय उत्तर द्यावं?

तिचं म्हणणं बरोबर आहे, हेच उत्तर. ही गोष्ट सर्रास 'जो आळशी तो उपाशी' अशी सांगितली जाते आणि ऊसतोडीला जाणाऱ्या, उचल घेऊन दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या घरातलं लेकरू ती ऐकून गोंधळतं. त्याच्या घरात आळशी कोणीच नसतं. नाकतोडा उपाशी राहिला तो वेळ असताना आणि समोर दाणे पडलेले असताना साठवले नाहीत म्हणून. समोर दाणेच नसतील तर ती गोष्ट वेगळी. मुलीला थेट हे सांगा आणि वर्गालाही ऐकू द्या.

मग कळ हंगामाची आहे. तिला नीट बसणारं उदाहरण कडब्याचं. ज्वारी निघाली की रानात कडबा मुबलक असतो, त्या दिवसांत त्याची किंमत वाटत नाही. ज्यानं तेव्हाच पेंढ्या बांधून गंज रचली त्याची जनावरं मे महिन्यात उभी राहतात. ज्यानं 'नंतर बघू' म्हटलं तो मे महिन्यात कडबा शोधत फिरतो. इथं कोण जास्त राबला याचा प्रश्नच येत नाही.

मुलानं वेगळंच तात्पर्य काढलं तर चूक धरायची का?

गोष्टीतून पुरावा देत असेल तर नाही. चिऊ-काऊची गोष्ट पाहा. पावसात भिजलेला कावळा दार ठोठावतो आणि चिऊ 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते' म्हणत राहते. घर पक्कं बांधावं, हे ठरलेलं तात्पर्य. पण दुसरीतली लेकरं हमखास विचारतात, 'चिऊनं दार का नाही उघडलं?' आणि आपल्याकडं उत्तर नसतं. 'अडलेल्याला दार उघडावं' हे तात्पर्य त्याच गोष्टीतून निघतं आणि आमच्या मते अधिक मोलाचं आहे. गारपिटीत शेजाऱ्याच्या घरावरचे पत्रे उडाले तेव्हा आपल्या घरात किती माणसं झोपली होती, हे लेकरांना आठवतं.

पुरावा नसेल तर फक्त एवढं विचारा, 'हे गोष्टीत कुठं आहे, दाखव.'

कोणती उदाहरणं टाळावीत?

ज्यातलं माणूस गावात ओळखू येईल ते उदाहरण कधीच नको. संध्याकाळी ते त्याच्या ओट्यावर पोहोचलेलं असतं. कर्ज, दारू, नापिकी, घरातलं भांडण, आत्महत्या ही उदाहरणं गोष्टीच्या तात्पर्याला जोडू नयेत. ती कितीही 'जवळची' वाटली तरी वर्गात कोणाच्या तरी घरची असतात. जातीवरून किंवा धंद्यावरून स्वभाव सांगणारं काहीही नको. वर्गातल्याच लेकराला ससा करू नका. 'आपला अमुक बघा, सशासारखा झोपतो' हे वाक्य वर्षभर त्याच्या मागं लागतं.

घरी लमाणी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांचं काय?

उदाहरण घरच्या भाषेत सांगू द्या. तांड्यावरचं लेकरू मराठीत 'हो सर, नाही सर'वर भागवतं आणि गोरमाटीत, म्हणजे आपल्या लमाणी बोलीत, पाच मिनिटं बोलतं. शेजारी बसलेल्यानं मराठीत सांगावं, एवढीच सोय करा. ओळ लिहिताना मात्र मराठीत लिहायला सांगा.

समजलं की नाही, हे कसं तपासायचं?

तात्पर्य लिहा, असा प्रश्न विचारून कळत नाही. नवे तीन छोटे प्रसंग द्या आणि 'आपल्या गोष्टीसारखा कोणता?' विचारा. एकात पात्रं तीच पण कळ वेगळी, एकात पात्रं वेगळी पण कळ तीच, तिसरा दोन्हींपासून लांबचा. ससा-कासवासाठी असे:

अ) ससा कासवाचं गाजर पळवतो आणि पकडला जातो.
आ) चाचणीत पहिली आलेली मुलगी वार्षिक परीक्षेच्या महिन्यात पुस्तक उघडत नाही आणि चौथी येते.
इ) दोन मित्र मिळून विहिरीतली बादली काढतात.

'अ' निवडणाऱ्याला ससा आठवतोय, गोष्ट नाही. पहिली-दुसरीत बहुतेक जण 'अ' म्हणतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चौथीनंतरही अर्धा वर्ग 'अ' म्हणत असेल तर 'कशामुळं?' या प्रश्नावर वेळ कमी पडतोय असं समजा. आणि 'आ' निवडणाऱ्यालाही 'का?' विचारा, अंदाजपंचे बरोबर येणारे असतात.

हीच तपासणी आठ दिवसांनी परत करा. त्याच दिवशीचं उत्तर तेवढं भरवशाचं नसतं.

परिपाठात पाचच मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय होणार?

आठवडाभर एकच गोष्ट ठेवा. सोमवारी गोष्ट, तात्पर्याशिवाय. मंगळवार ते गुरुवार रोज एका वर्गातलं एक उदाहरण, एका मिनिटात. शुक्रवारी दोन तात्पर्यं समोर ठेवून हात वर करायला सांगा. वर्षाला दोनशे गोष्टींऐवजी पस्तीस-चाळीस होतील, आणि चालेल. शाळेच्या नोंदींत 'परिपाठात रोज नवी बोधकथा' दिसावी असा आग्रह असेल तर तारखेपुढं उदाहरणाचं शीर्षक लिहा.

आम्हाला दोघांनाही लिहिता-वाचता येत नाही. घरी काय करणार?

लेकराला गोष्ट सांगायला लावा आणि मध्येच अडवा: 'मग? असं का केलं त्यानं?' त्यानंतर तुमच्या कामातलं एक काहीतरी सांगा. पेरणीची वाफ कशी ओळखता, दुबार पेरणी का करावी लागली, बाजारात मापात कसं फसवलं गेलं. कोणत्या गोष्टीशी जुळतं ते लेकरू शोधेल. भाकरी करताना, जनावरांना पाणी दाखवताना हे होतं. वेगळं बसायची गरज नाही. आजी-आजोबा असतील तर उत्तम. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहणाऱ्या लेकरासाठी कारखान्याच्या फडावरून आई-बापांनी फोनवर दोन मिनिटांची गोष्ट बोलून पाठवली, तरी दुसऱ्या दिवशी शाळेत ती सांगितली जाते.

परीक्षेच्या कथालेखनात तात्पर्य कसं लिहावं?

एका वाक्यात, शेवटी, वेगळ्या ओळीवर. म्हण नेमकी बसत असेल तरच म्हण. आणि लिहिण्याआधी पेन्सिलीनं कळेखाली रेघ मारायची: मुद्द्यांतला कोणता मुद्दा काढला तर शेवट बदलेल? तोच शब्द तात्पर्यात आला पाहिजे. मुद्दे 'शेतकरी – विहीर – खणणे – अर्धवट सोडणे – शेजाऱ्याने दोन हात खणले – पाणी' असे असतील, तर निम्मा वर्ग 'पाणी हेच जीवन' लिहून मोकळा होतो. रेघ 'अर्धवट सोडणे'खाली हवी.